धोब्याचं चुकीचं नाव

दुर्बीणकाकांचं डोकं फिरलंय, यावर त्या हिवाळ्यात सगळ्यांचं एकमत झालं होतं. एकमत व्हायला कारणही तसंच होतं म्हणा. ज्या माणसानं अख्ख्या ग्रुपला पक्षी ओळखायला शिकवलं, तोच रोज सकाळी उठून धडधडीत चुकीची नावं टाकत होता.

काका हॉस्पिटलच्या धुलाईघरात बॉयलर सांभाळायचे. आत चादरी आणि गाऊन उकळायचे, आणि ते गरम पाणी मागच्या उघड्या गटारातून वाहत जायचं. थंडीत बाकी सगळा गाव गारठलेला असताना त्या गटारावर वाफ असायची. वाफेपाशी चिलटं जमायची, आणि चिलटांसाठी धोबी यायचे. शेपटी वरखाली नाचवत तुरुतुरु चालणारा हा पक्षी, लांबून थंडीपुरता येणारा पाहुणा. धुलाईघराच्या दारात धोबी, हा विनोद काकांनी इतक्यांदा केला होता की इस्त्रीवाली अक्का हल्ली तो सुरू व्हायच्या आधीच हसून मोकळी व्हायची.

हिवाळी पाहुण्यांचा ग्रुप काकांनीच काढलेला. सकाळी जो जे बघेल ते त्यानं फोटोसकट टाकायचं. नियम एकच, चुकीचं नाव तसंच राहू द्यायचं नाही. ज्याला कळलं त्यानं लगेच दुरुस्त करायचं, मग समोर कुणी का असेना. यात सगळ्यात कडक होती काकांची लेक. शाळेत असल्यापासून ती पाहुण्यांना चहा देता देता त्यांची चूक काढायची. "काका, तो करडा धोबी. पोट पिवळं असलं म्हणून पिवळा धोबी होत नाही, पाठ बघा." पाहुणे ओशाळायचे आणि काकांची छाती फुगायची.

ती लेक आता दुसऱ्या शहरात होती आणि बापाशी बोलत नव्हती.

का, ते सांगायला हवं. पाखरांजवळ जाताना फोनचा आवाज बंद करायचा, ही या लोकांची जुनी सवय. एका सुट्टीच्या सकाळी काका तळ्यावर गेले. फोन बंद करून गवतात बसले आणि परत चालू करायचं विसरले. इकडे बायकोच्या छातीत कळ आली. लेक फोन लावतेय, लावतेय, लावतेय. शेवटी शेजाऱ्याच्या गाडीत घालून तिनं आईला एकटीनं नेलं. काका घरी आले ते खुशीत, दारातूनच "अगं, आज काय दिसलं सांगू" म्हणत. घराला कुलूप होतं.

बायको गेली. तिचे दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि लेकीनं बॅग भरली. "सांभाळा तुमची पाखरं," एवढंच म्हणाली. त्यानंतर काकांनी फोन केले, ते वाजून वाजून बंद झाले. पत्र पाठवलं, उत्तर नाही. एकच गोष्ट तिनं केली नव्हती. ती ग्रुपमधून बाहेर पडली नव्हती. माणसांच्या यादीत तिचं नाव होतं. काका रोज बॉयलर पेटवायच्या आधी ते नाव बघून घ्यायचे. तेवढ्यावर माणूस जगत होता हो, खोटं कशाला बोला!

मग थंडी पडली आणि काकांच्या डोक्यात ते खूळ शिरलं. पोरीला राग गिळता येईल, दुःख गिळता येईल, पण चुकीचं नाव? ते तिच्या घशाखाली उतरणार नाही. आपण चुकलो की ती बोलणार. "बाबा, पाठ बघा," एवढे तीन शब्द आले तरी पुरे.

त्यांनी करड्या धोब्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, पिवळा धोबी. चहा घशाखाली उतरायच्या आत दातांच्या डॉक्टरांनी दुरुस्त केलं. हे डॉक्टर आता ग्रुप चालवायचे. सज्जन माणूस, पण हातात सदा फोन. काकांनी मनातल्या मनात त्यांना नको नको ते म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अवघड चूक केली, झुडपातल्या बारक्या वटवट्याचं मुद्दाम भलतंच नाव लिहिलं. त्यावर सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. काका म्हणतात म्हणजे तेच असणार! सोपी चूक टाकावी तर डॉक्टर आडवे, अवघड टाकावी तर लोकांचा विश्वास आडवा. इकडे आड, तिकडे विहीर.

हळूहळू चुका वाढल्या. घारीला ससाणा म्हणून झालं, बगळ्याला करकोचा म्हणून झालं. लोक आधी हसले, मग कुजबुजले, मग वैतागले. वर्षाअखेरीस सगळ्यांच्या नोंदी एकत्र करायच्या असायच्या, आणि काका त्यात घाण करत होते. डॉक्टरांनी फोन करून मऊ आवाजात सांगितलं, "काका, एकदा डोळे तपासून घ्या. आणि तोवर नोंदी नका टाकू." उभ्या आयुष्यात कमावलेली एकच अब्रू होती, ती काका स्वतःच्या हातानं गटारात सोडत होते. लेक मात्र गप्प.

एकाच पक्ष्याला त्यांनी हात लावला नव्हता. पांढरा धोबी. बायकोला सगळ्या दुनियेत तेवढा एकच पक्षी ओळखता यायचा. डबा द्यायला आली की ती गटाराच्या कठड्याशी थांबून म्हणायची, "आला का गं बाई माझा पाहुणा?" त्याच्याशी खोटेपणा करायला काकांचा हात धजत नव्हता. पण त्या सकाळी तो कठड्यावर येऊन बसला, आणि काकांना वाटलं, आता उरलंय काय? त्यांनी फोटो काढला आणि खाली लिहिलं, कवड्या धोबी. लिहिताना डोळ्यांतून पाणी आलं. मग पाठवून टाकलं.

थोड्या वेळानं पडद्यावर ओळ उमटली. तुम्हाला या ग्रुपमधून काढण्यात आलं आहे.

काका बघतच राहिले. लोकांचं सोडा, ती यादी गेली. त्यातलं ते नाव गेलं. तेलही गेलं, तूपही गेलं. बॉयलरसमोरच्या स्टुलावर बसून ते लहान पोरासारखे रडले. आग मंदावली, वाफ उतरली, तरी कळलं नाही.

"अहो दुर्बीणकाका!" अक्का आतून ओरडत आली. "वाफ कुठंय? माझी इस्त्री थंडगार पडली. आणि हे काय चाललंय तुमचं ग्रुपवर?" काकांनी कधीकाळी सगळ्या धुलाईघराला ग्रुपमध्ये घातलं होतं. अक्का तिथं फक्त गुलाबाची चित्रं टाकायची आणि बोलणी खायची. तिनं फोन त्यांच्या नाकासमोर धरला.

फोटोच्या खाली लेकीचं नाव होतं. "हा पांढरा धोबी. आईचा. बाबांकडून हा चुकणं शक्य नाही. त्यांना दिसेनासं झालंय का? जवळ कुणी असेल तर प्लीज सांगा."

काकांनी ते परत परत वाचलं. आली! पोरगी बोलली! आणि बोलली तेव्हा आपण ग्रुपच्या बाहेर.

"मी लिहिते," अक्का म्हणाली. "लिहिते की दिसत नाही म्हणून. धावत येईल बघा, माझ्यावर सोडा."

काकांनी बाहेर पाहिलं. येईल, हे त्यांनाही ठाऊक होतं. दार वाजेल, लेक समोर उभी राहील. सगळा हिवाळा त्यांनी याचसाठी तर जाळला होता. बाहेर पांढरा धोबी अजून कठड्यावर शेपटी हलवत होता, आणि त्यांना तो इथूनही स्वच्छ दिसत होता.

"नको," ते म्हणाले. "लिही. बाबांचे डोळे शाबूत आहेत. नावं त्यांनी मुद्दाम चुकवली, तू बोलावंस म्हणून. खरी चूक एकच केली, त्या दिवशी फोन बंद ठेवला."

"अहो, सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

अक्कानं एका बोटानं, डोळे पुसत पुसत लिहिलं आणि सवयीनं खाली एक गुलाब चिकटवला. लेकीच्या नावाखाली 'लिहीत आहे' असं आलं. मग गेलं. परत आलं. परत गेलं.

काकांनी आगीत कोळसा सारला. स्वतःचा फोन काढून त्याचा आवाज होता नव्हता तेवढा वाढवला आणि ते गटाराच्या कठड्यापाशी, पाखरापासून हाताच्या अंतरावर जाऊन उभे राहिले. फोन कर्कश वाजला. धोबी भुर्रकन उडाला. कुठं गेला ते काकांनी बघितलंसुद्धा नाही.

"काका, मी डॉक्टर बोलतोय. आत्ताच वाचलं, मला खरंच कल्पना नव्हती..."

"डॉक्टर, पाया पडतो तुमच्या, ठेवा फोन," काका म्हणाले. "लाइन अडते."