पाचोळ्याची पोती

विचुंब्याच्या आमच्या सोसायटीचा मी बरीच वर्षं सेक्रेटरी होतो, आणि आवारात एक पान पडलेलं मला खपत नसे. मी दिसलो की झाडूवाला आधी आंब्याखाली धावायचा. जित्याची खोड. तीच घेऊन मी डोंगरावर गेलो.

रविवारी आम्ही दहाबारा नोकरदार मंडळी जंगल वाचवायला जायचो. पनवेलमागच्या त्या डोंगरात ठाकरांची एक वाडी आहे. वाडीला पाणी एकाच झऱ्याचं, आणि तो शिमगा झाला की आटायचा. मग बायकांनी खाली रस्त्यापर्यंत उतरायचं, टँकरची वाट बघायची आणि भरला हंडा घेऊन चढायचं. झऱ्याशेजारीच एक मावशी राहायची. तिचे गुडघे गेलेले. झरा पावसापर्यंत टिकावा, एवढंच तिला हवं होतं.

फेब्रुवारीत ऐन-किंजळीची पानं गळून झऱ्यावरच्या उतारावर घोटाभर थर साचला होता. मला ते बघवेना. सगळ्यांना कामाला लावलं. दुपारपर्यंत उतार लख्ख. पाचोळ्याची पोती टेम्पोत भरून खाली सोसायटीत धाडली आणि फोटोही काढले.

तेवढ्यात मावशी मोळी घेऊन आली. मोळी टाकून बघत राहिली.

"डोंगराला झाडू मारलात? आता वल कशानं ऱ्हानार? पानी काय तुमच्या सोसायटीच्या नलानं येनार हाय?"

माझे कान तापले होते.

"पोती कुठं हायत?"

"आमच्या गेटजवळ."

"परत आना."

पुढच्या रविवारी आम्ही ती सगळी पोती पाठीवर घेऊन चढलो. ती सांगेल तसा पाचोळा पसरला, आधी झऱ्याच्या वर, मग तोडलेल्या झाडांच्या खुंटांभोवती. त्याच खुंटांमध्ये आम्ही नव्या रोपांसाठी चुन्याच्या खुणा केल्या होत्या. तिनं एका खुंटावर हात ठेवला. "मेला नाय त्यो. तोडलेला हाय." बुंध्याशी बोटभर फुटवे होते. त्यातले दोन सरळ ठेवून बाकीचे तिनं कोयत्यानं उडवले, की जोर त्या दोघांनाच मिळावा. कोणता ठेवायचा हे ठरवायला तिला क्षणही लागत नव्हता. मी आयुष्यभर हुशार माणसांत नोकरी केली, पण इतकी खात्रीची नजर कुणाची पाहिली नाही.

निघताना मी माफी मागायला लागलो. तिनं मला थांबवलं.

"मे मयन्यात या. पानी असंल तर मागा माफी. नसंल तर हंडा उचला."

त्या मे महिन्यात झरा कोरडा होता. मी हंडा उचलला. चढावर तीनदा टेकलो, अर्धं पाणी सांडलं, आणि ती आपले गुडघे धरत माझ्यापुढे चालत होती. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. पुढच्या वर्षीही हंडा सुटला नाही. पण आम्ही तिच्या हाताखाली राबत राहिलो. होळीआधी गवताची पट्टी कापून वणवा अडवायचा, खुंटांना काटेरी फांद्या लावून शेळ्या दूर ठेवायच्या आणि पाचोळ्याला हात लावायचा नाही. एकही खड्डा न खणता ऐनाचे फुटवे माझ्या डोक्याच्या वर गेले.

यंदाच्या मेमध्ये गेलो, तर झऱ्यात वीतभर नितळ पाणी होतं. मी काठावर बसलो. डोळे भरून आले ते लपवले नाहीत. मग आठवण झाली, आणि म्हणालो, "मावशी, ती माफी मागायची राहिलीय."

"पानी हाय ना," ती म्हणाली आणि करवंटी माझ्या हातात दिली. "आता माफी कशाला? हंडा भरा."

करवंटी करवंटी करत मी हंडा भरला आणि खांद्यावर घेतला. तिच्या दारापर्यंत वीसच पावलं होती.