बायडाबाईचा लांबलेला 'आ'

निपाणीच्या तंबाखू वखारीत बायडाबाईची हयात गेली. नाकाला पदर बांधून बाया पानं निवडायच्या. बोलायची ती ही एकटीच. बुद्धविहारात वंदना सांगायलाही तीच पुढं.

लेक उपासना बेळगावात राहून सीमाभागातल्या बोलीवर संशोधन करायची. रविवारी येऊन आईकडून ठरलेले शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायची.

"त्येच त्येच काय म्हनाय लावतीस गं? पोपट हाय व्हय मी?"

"पोपटाला डाळ देत्यात. तुला भजी आणल्यात. म्हन की."

मग कॉम्प्युटरवर प्रत्येक ध्वनी जिथं सुरू झाला, जिथं संपला, तिथं खूण करायची. पुढचं काम स्क्रिप्टचं, म्हणजे एका छोट्या प्रोग्रॅमचं. दोन खुणांमधलं अंतर मोजून ती तक्ता काढून द्यायची.

उचगाव-सदलग्याच्या ज्या बायांचे आवाज तिनं घेतले होते, त्यांच्यापेक्षा आईचा 'आ' लांब येऊ लागला. दर खेपेला आणखी लांब. तिचे मार्गदर्शक विक्रम सर म्हणाले, "घरच्या माणसाच्या आवाजात हात चुकतो. खुणा परत लाव." तिलाही ते पटलं. स्वराचं ओढलेलं शेपूट तिनं श्वास समजून कापलं. तक्ता सरळ झाला.

विहारात बायडाबाई मागं पडू लागली. बायांची ओळ संपायची, हिची चालूच.

"आक्का आता लई मन लावून म्हनत्यात," शेजारी बसणारी जयाबाई म्हणाली. बायडाबाई नुसती हसली.

पुढं चहाचा घोट घशात अडकू लागला. डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला लावली. ती जागच्या जागी थरथरत होती. नसा झिजत चालल्या होत्या, त्यावर औषध नव्हतं.

"बोलणं संथ कधीपासून झालं?"

बायडाबाईनं लेकीकडं बघितलं.

घरी येऊन उपासनानं कापण्याआधीच्या जुन्या खुणांच्या फायलीवर स्क्रिप्ट चालवली. पावसाळ्यापासून 'आ'चा आकडा चढतच होता. तिनं कापून टाकलेला तो आजारच होता. आधी कळून आजार थांबला नसता. पण आईला धड बोलता येत होतं ते महिने भजी आणि ठरलेले शब्द यांतच गेले.

आता बायडाबाईला त्रास नको म्हणून घरचे तिचा शब्द अर्ध्यातच पुरा करतात. काल ती "पा..." म्हणाली तशी सून पाण्याचा तांब्या घेऊन धावली. बायडाबाईनं मान हलवली. उपासना काही सुचवायला गेली नाही. आईच्या ओठांकडं बघत बसून राहिली.

"पा... आ... य."

पायाला मुंग्या आल्या होत्या. उपासनानं तो मांडीवर घेतला आणि चोळू लागली.