मिस्त्रीची दोन बोटं

मन्नाएखेळ्ळीला सडकेवर माझं चहाचं हॉटेल आहे. शेजारी एका मिस्त्रीचं गॅरेज. निजामाच्या वेळच्या अमेरिकन मोटारींची इंजिनं तो खोलून पुन्हा बांधायचा. इंजिनातला वॉल, म्हणजे झडप, उचलणारी दांडी दोन बोटांत फिरवत, डोळे मिटून, दुसऱ्या हातानं वरचा नट आवळायचा. दांडी बोटांना किंचित जड लागली की थांबायचा, मग नटाला आणखी अर्धा फेरा द्यायचा. "ढिली तर खडखडती, जास्त आवळली तर वॉल जळतोय," म्हणायचा. बाकी बोलणं नाही.

माझा नवरा एका जमीनदाराची तसली मोटार चालवायचा. ती मिस्त्रीकडं दुरुस्तीला होती. काम झाल्यावर ती घेऊन त्याला गुलबर्ग्याला जायचं होतं. किल्ली देताना मिस्त्रीनं त्याचं मनगट त्याच दोन बोटांत धरलं आणि डोळे मिटले. उघडून बघितलं ते माझ्याकडं.

"अक्का, ह्यांना आज जाऊ देऊ नका."

"कामून? गाडीत खोट हाय का?" नवऱ्यानं विचारलं.

"गाडीत न्हाई, अण्णा."

"मग मला बी अर्धा फेरा आवळ की," म्हणून नवरा हसला. मीही हसले. अडवलं नाही.

हुमनाबादच्या पुढं त्यानं गाडी नीट कडेला लावली आणि बसल्या जागी गेला. लोक पोचले तेव्हा इंजिन चालूच होतं.

मिस्त्री अजून रोज चहाला येतो. मी पेला त्याच्या हातात देत नाही, फळीवर ठेवते. लोकांना त्यात जात दिसते. दिसू दे. माझं किती राहिलंय ते मला त्याच्या तोंडावर वाचायचं नाही.