लोखंड तरंगतं, असं भानू म्हणायचा

भानू गेला तेव्हा मी लोहाऱ्याला तहसीलच्या रांगेत होते. भाच्याचा फोन आला, “आत्या, अण्णा गेले. या तुम्ही.” माझ्यापुढं दोनच माणसं राहिली होती. मी काम उरकलं, सही केली आणि मग जीपमध्ये बसले. लोक म्हणतील, कसली ही बहीण. म्हणू देत. रांग सोडून धावले असते तरी तो उठून बसणार नव्हता.

तिसऱ्या दिवशी गावच्या चौकात फ्लेक्स लागला. कोपऱ्यात भानूचा फोटो, खाली ‘वीर सैनिकास भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि मधोमध एक आठ चाकांची लोखंडी गाडी, वर तोफ, अर्धी पाण्यात. ती गाडी भानूची नव्हती. ती त्याच्या नातीच्या कॉम्प्युटरवरच्या खेळातली होती. तोफेच्या बाजूला कुठल्या तरी परक्या देशाचा झेंडाही तसाच राहिला होता, लावणाऱ्यांनी तेवढंही बघितलं नाही. आणि लावणारा कोण, तर आमच्या पाण्याच्या सोसायटीच्या जुन्या चेअरमनचा मुलगा. त्या चेअरमनचं पुढं सांगते. ज्या गावानं माझ्या भावाला जन्मभर ‘तरंग्या’ म्हणून हिणवलं, त्या गावाला तो पटला, आणि पटला कशावरून, तर पोरांच्या खेळावरून. राग उतरेल म्हणून मी सहा आठवडे थांबले. उतरला नाही. म्हणून लिहिते. मी चौथी शिकलेली बाई आहे, सजवून सांगणं मला जमत नाही.

भानू माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. फौजेत ड्रायव्हर झाला आणि बांगलादेशच्या लढाईत पूर्वेकडं गेला. तिथून रजेवर आला तेव्हा इकडं बहात्तरचा दुष्काळ होता. मी दुष्काळी कामावर, पाझर तलावाच्या भरावावर माती टाकत होते. दुपारी कामावर वाटायचे ती सुकडी खायला आम्ही बसलो की भानू तिथं यायचा आणि सांगायचा, की आमची गाडी अख्खी लोखंडाची, आत दहा माणसं, खाली आठ चाकं, वर तोफ. रस्त्यानं मोटारीसारखी पळते आणि नदी आली की तशीच पाण्यात उतरते, पोहत पलीकडं जाते. पायदळाची माणसं होड्यांतून नदी उतरत असली की ही गाडी पाण्यातूनच पलीकडच्या काठावर मारा करते, म्हणजे समोरच्याला मान वर काढता येत नाही. तो हे सांगत असायचा आणि ऐकणारी माणसं अशी, की जिथं घसा ओला करायला पाणी नाही तिथं तलाव खणत होती. आमचा मुकादम म्हणाला, “फौजी, आमची बैलगाडी बी तरंगती बघ. तू निस्तं पाणी तेवढं आन.” सगळी हसली. मीही हसले. ‘तरंग्या’ हे नाव त्या दुपारचं.

हसणं भानूनं मनावर घेतलं. तो कधी खोटं बोलला नव्हता, लहानपणीसुद्धा नाही, मार खायचा पण खरं सांगायचा. संध्याकाळी तो माझ्या घरी आला. कामावरचं एक जाड पत्र्याचं जुनं घमेलं त्यानं मागून आणलं होतं, बुडाला बोटाएवढं भोक पडलेलं. त्या भोकात त्यानं डांबरात बुडवलेल्या चिंधीचा बोळा ठोकून बसवला. म्हणाला, “आक्का, ही माझी गाडी. आन ह्ये बूच. पाण्यात उतरायच्या आदी डायवरनं तळाचं येकेक बूच हातानं दाबून बघायचं, आन मोठ्यानं म्हनायचं, बंद. नुसतं डोळ्यानं बघून चालत न्हाय. आता हौदात पाणी वत, पाच धोंडे ठिवतो ह्याच्यात मानसं म्हनून. तरंगलं तर तुला तरी पटंल.”

माझ्या घरात त्या वेळी दोन घागरी पाणी होतं. दोन कोसांवरून मी ते डोक्यावर आणलं होतं, तीन लेकरं आणि एक गाभण म्हैस होती. मी म्हणाले, “तुझ्या लोखंडापायी घागरी वतू व्हय? जा, गप जेव.”

तो जेवला. घमेलं माझ्या अंगणात ठेवून गेला. पाणी दिलं नाही याचं मला वाईट वाटत नाही, आजही देणार नाही. पण मी त्या वेळी आणखी एक वाक्य बोलले. म्हणाले, “लोकं हसत्यात, तर त्यांच्याम्होरं कशाला फेकतूस?” म्हणजे माझ्या भावाला मीच खोटारडा म्हटलं... त्यानं ताटावरून वर बघितलं नाही.

फौजेतून सुटून तो गावी आला तोवर तलाव झाला होता, पाणीही साठलं होतं, आणि त्या पाण्यावर पिकं भिजवायला सहकारी उपसा सोसायटी निघाली होती. माझा नवरा वारला होता, जमीन माझ्या नावावर, म्हणून मीही सभासद. पंप कुठं बसवायचा याची सभा शाळेच्या पटांगणात झाली. चेअरमन म्हणाले, काठावर दगडी विहीर बांधायची आणि पंप तिच्यात ठेवायचा. भानू उठला. म्हणाला, “तळ्याचं पाणी येका जागी बसत न्हाय. थंडीत हितं असतंय, चैतात पार मधी जातंय. पंप पाण्यामागं गेला पायजे. मोकळी पिपं बांधा, वर फळ्या टाका, त्यावर पंप ठिवा. पाणी जाईल तिकडं पंप जाईल. म्या करून देतो, फुकट.” चेअरमन मोठे हजरजबाबी होते. म्हणाले, “मंग पंपाला आठ चाकं बी लावू का, तरंग्या?” पटांगण हसून हसून लोळलं. भानू तसाच उभा. चेअरमन म्हणाले, विहिरीच्या बाजूचे हात वर करा. भानूनं माझ्याकडं बघितलं. मी हात वर केला.

मला त्यातलं काही कळत होतं असं नाही. मला सगळ्या गावात तरंग्याची बहीण म्हणून बसायचं नव्हतं, एवढंच.

विहीर झाली, नारळ फुटला. दोन सालं बरी गेली. मग पावसानं ओढ दिली आणि तलाव मधे सरकला. पाणी होतं, चांगलं कमरेएवढं होतं, पण विहिरीपासून तीन शेतं लांब. पंप काठावर कोरडा. डोळ्यांसमोर पाणी आणि माझा गहू वाळला, सगळ्यांचाच वाळला. तेव्हा एकानंही म्हणायचं, की भानू, तुझं खरं होतं. कोणी म्हणालं नाही. उलट चेअरमनच सांगत फिरले, की निसर्गापुढं कुणाचं चालतं. सोसायटी बसली ती पुन्हा उठली नाही. भानूनं नंतर लढाईचा विषय काढला नाही. एक सवय मात्र राहिली. माझ्या घरी आला की हौदाची तोटी, आडावरचं झाकण, कोठीचं दार हातानं दाबून बघायचा आणि म्हणायचा, बंद. सुना तोंडाला पदर लावायच्या.

दोन वर्षांपूर्वी त्याची नात शिक्षण संपवून घरी आली आणि कॉम्प्युटरवर लढाईचे खेळ खेळायला लागली. भानू एकदा मागं जाऊन उभा राहिला तो हललाच नाही. पडद्यावर आठ चाकांची गाडी नदीत उतरत होती. तो म्हणाला, “ही आमची न्हाय. हिची तोफ लई मोठी हाय. पन उतरायची रीत तीच.” मग रोज तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला लागला. नदी आली की म्हणायचा, “थांब. बुचं बघितलीस का?” ती म्हणायची, “आजोबा, गेममध्ये बुचं नसतात.” “मंग बुडचील.” “नाही बुडत.” “सरकारी न्हाय वाटतं तुझी गाडी.” असं त्यांचं चालायचं. नातीनं त्याचं ते बोलणं मोबाइलमध्ये घेतलं आणि कुठं कुठं पाठवलं. झालं. आठ दिवसांत सगळं गाव दारात. “अण्णा, खरंच वो, पाण्यात चालायची?” पन्नास वर्षं एक माणूस तेच सांगत होता, त्याच्या तोंडाला किंमत नव्हती. खेळ बनवणारा कोण, कुठला, त्यानं गाडी तरी बघितली होती का, देव जाणे. पण त्याचं खरं.

भानूला मात्र राग नव्हता. तो खूश होता, आणि याचाच मला जास्त संताप यायचा. जाण्याच्या चार दिवस आधी तो माझ्याकडं आला, तोटी दाबली, बंद म्हणाला आणि कट्ट्यावर बसला. जरा वेळानं म्हणाला, “आक्का, समद्या गावाला पटलं. तुला पटलं का?”

त्याला गाव नकोच होतं. हे एवढंच हवं होतं, आणि ते माझ्याकडं होतं. गहू वाळला तेव्हापासून मला पटलेलं होतं. ‘पटलं’ म्हणायला काय लागतं? मी म्हणाले, “खेळातलं काय खरं धरायचं?”

तो हसला. म्हणाला, “बरं.” चहा घेऊन गेला.

दहाव्याला चेअरमनचा मुलगा बोलायला उभा राहिला. आमच्या गावचा अभिमान, आमच्या वडिलांचे जिवलग... मी बसल्या जागेवरून म्हणाले, “बापू, तुझ्या वडलानं ह्याला भर सभेत तरंग्या म्हनलं, तवा तू म्होरंच बसून हसत हुतास. खाली बस.” तो म्हणाला, “आत्या, आता जुनं कशाला काढता? तुमचा बी हात वर हुता की.” खरं बोलला. त्या सगळ्या दिवसात तेवढंच एक वाक्य खरं होतं. 

भूकंपात माझं जुनं घर पडलं तेव्हा भांडीकुंडी चेपली, ते घमेलं राहिलं. इतकी वर्षं मी त्यात चुलीची राख भरत आले. डांबराचा बोळा अजून तसाच आहे, निघाला नाही. घरी आले, राख झटकली, घमेलं धुतलं. हौद भरलेला होता, आता आमच्याकडं नळ आहे. बोळा अंगठ्यानं दाबून बघितला आणि मोठ्यानं म्हणाले, बंद. मग घमेलं पाण्यावर ठेवलं आणि त्यात एकेक करून पाच धोंडे ठेवले. तरंगलं.

सून म्हणाली, “आत्याबाई, राख कशात भरू?” मी तिला दुसरं भांडं बघायला सांगितलं.