बहिर्गोल आरसा आणि रामभाऊंचा पाखऱ्या

दिनांक ९ डिसेंबर २००७, रविवार. नुकसान : शुगर क्यूब ३२० नग. उपस्थित : मी, पत्नी सुनंदा, आमची स्कूटर आणि शेजारच्या शेतातल्या रामभाऊंचा बैल पाखऱ्या.

भुकूममधल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर आंधळं वळण आहे. तिथे आरसा बसवावा, ही सूचना माझी. सभेत मी पंचवीस मिनिटं समजावलं. सपाट आरसा जेवढ्यास तेवढं दाखवतो, दाढीचा अंतर्गोल मोठं दाखवतो आणि बहिर्गोलात सगळा रस्ता मावतो, पण वस्तू लहान, म्हणून लांब वाटते. (दोन सभासद झोपले. नावं माझ्याकडे आहेत!) आरसा बसला. खाली पाटी लागली : 'आरशात दिसते त्यापेक्षा वाहन जवळ असते.' सही माझी.

त्या दिवशी संध्याकाळी आमच्या मुलीचं लग्न होतं. रुखवतात मांडायला सुनंदाने अकरा दिवस खपून शुगर क्यूबचा महाल रचला होता. ६४० नग! नकाशा माझा, आलेख-कागदावर. उजवी बाजू तंतोतंत डावीसारखी. मुलीने होणाऱ्या सासूबाईंना महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं, "आईचा महाल बघाच!"

"रिक्षा बोलवा," सुनंदा म्हणाली.

"कार्यालय आठशे मीटरवर आहे. ताशी दहाने नेतो."

ती महाल मांडीवर घेऊन मागे बसली. फाटकाशी मी शिस्तीत आरसा पाहिला. त्यात शेळीएवढं काहीतरी दिसलं.

"बैल आहे हो!"

"पन्नास फूट लांब आहे. मी हिशेब केलाय."

वळलो. पाच फूट!

कचकन ब्रेक दाबला. स्कूटर थांबली ती पाखऱ्याच्या नाकासमोर. त्याने मला ओलांडून मागे मान घातली.

"अहो, खातोय! खातोय तो!"

"हलू नका वयनी!" रामभाऊ ओरडत आले. "शिंग लागंल!" त्यांनी वेसण खेचली, तेव्हा डावा अर्धा महाल पोटात गेला होता. रामभाऊंनी पाटी वाचली, सही वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

"सायेब, ह्ये तुमीच लिवलंय न्हवं?"

कार्यालयात मुलगी रडवेली झाली. सुनंदाने मात्र वधूच्या खोलीतला सपाट आरसा उचलून आणला, उभा केला आणि उरलेला अर्धा महाल त्याला चिकटवून ठेवला. समोर अख्खा महाल! (नकाशा तंतोतंत होता, हे मी चार जणांना सांगितलं.)

विहीणबाई थबकल्या. "अगं बाई, केवढं काम! सहाशे तरी असतील?"

मी खरा आकडा सांगायला तोंड उघडलं. सुनंदाने पायावर पाय दिला. विहीणबाईंनी सुनंदाचे दोन्ही हात हातात घेतले आणि मुलगी हसली.

दुसऱ्या दिवशी रामभाऊ भरपाई द्यायला आले.

"तुमची कसली चूक?" सुनंदा म्हणाली. "तुमचा बैल वाचायला शिकलेला नाही. आमचे शिकलेत!"

सबब अखेरची भरपाई : उरलेले क्यूब ३२० नग, माझ्या हातून, पाखऱ्यास अदा. मी दोनदा मोजून दिले. त्याने एकदाही मोजून घेतले नाहीत. वळणावर त्या दिवशी शहाणा कोण होता, ते आरशाला आधीच दिसलं असावं.