गजूच्या गोठ्यातला कॉस्टिक सोडा

किस्से काही कोणी मुद्दाम गोळा करत नाही. तीन माणसं दर रविवारी एकाच गोठ्यात बसली आणि त्यातला एक जण गजू असला, की ते आपोआप साठतात. खळ्यावर मळणीनंतर भुशाचं कुटार साठतं तसे.

अमडापूरला गजूचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे, माझं हार्डवेअरचं. तिसरे इंगळे सर, ते शाळेत विज्ञान शिकवतात. तिघांनाही रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांचा नाद! चाळिशी आली तरी सुटला नाही, आणि सुटावा असं आमच्यापैकी कोणालाच वाटत नाही. खळं हे आमचं रेसचं मैदान. ट्रॅक्टर आल्यापासून गजूचा गोठा रिकामाच, तेच आमचं गॅरेज.

*

गजूनं ऑनलाइन एक सेकंडहँड गाडी मागवली. गाडी झकास, पण अ‍ॅल्युमिनियमचे सगळे पार्ट निघाले जांभळे. गजूचे वडील, नाना, तिकडून चालले होते. थांबले, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे वरातीतून पळून आली काय बे?"

तेव्हापासून गजूला तो जांभळा रंग डोळ्यासमोर नको झाला. त्यानं थिनरनं घासला, पेट्रोलनं घासला, शेवटी बायकोची, म्हणजे सुनीता वहिनींची चिंचही लावून पाहिली. रंग ढिम्म हलला नाही. मग सरांनी सांगितलं, की याला अ‍ॅनोडायझिंग म्हणतात. हा रंग वरून फासलेला नसतो, धातूच्या सालीतच मुरवलेला असतो. सालच काढावी लागते, आणि ती कॉस्टिक सोड्यानं निघते.

कॉस्टिक सोडा माझ्या दुकानात होता. म्हणजे पुढच्या साऱ्या भानगडीत माल माझा आहे.

*

सरांनी सगळं बजावलं. आधी पाणी घ्यायचं, मग त्यात सोडा, तोही हळूहळू. हातमोजे हवेत, चष्मा हवा, दार उघडं हवं. भांडं कोणतं घ्यायचं, तेवढं सांगायचं राहिलं. गजूनं घरातलं जर्मनचं जुनं पातेलं उचलून आणलं. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचंच की! पण सोडा पडेपर्यंत हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पातेलं फसफसलं, तापलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत बुडाला भोक पडलं. पाणी गोठ्याच्या नालीत गेलं. पार्ट पाहिला तर जांभळाच्या जांभळा! त्याच्या अंगावर निदान साल होती, पातेल्याच्या अंगावर काहीच नव्हतं.

आम्ही ते धुऊन पालथं घालून ठेवलं, तेवढ्यात सुनीता वहिनी आल्या. त्यांनी पातेलं उचललं, भोकातून आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "इतकं साफ तर मी पण कधी घासलं नव्हतं." पातेलं त्यांच्या माहेरचं होतं. त्या दिवशी चहा मिळाला नाही.

*

पुढच्या रविवारी प्लास्टिकची बादली आली. गजूनं खबरदारी म्हणून फवारणीचा आख्खा किट अंगावर चढवला. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून ते पाहिलं आणि नानांना कळवलं, की गजू फवारणीच्या तयारीत आहे.

नाना हरखले. लग्न झाल्यापासून वावराकडे न फिरकलेला पोरगा एकदाचा सोयाबीनमध्ये उतरणार! त्यांनी स्वतः पंप भरला, वावरात नेला आणि दुपार होईपर्यंत बांधावर बसून वाट पाहिली.

परत आले तेव्हा गजू जुन्या टूथब्रशनं एक इवलासा पार्ट घासत बसला होता. नाना ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "दिवाळी झाली का भंगारवाला बोलावतो. हे सारं देऊन टाकतो. मले गोठा पाह्यजे."

गजूचं तोंड एवढंसं झालं. नानांनी बोललेलं मागे घेतल्याचं त्या घरात कोणाला आठवत नाही. त्या गाड्या म्हणजे गजूचा जीव, हे आम्हाला ठाऊक होतं.

*

त्या धास्तीत काम जोरात सुरू झालं. रंग उतरला की पार्ट लगेच बाहेर काढायचा, एवढंच सांभाळायचं असतं. एकदा गजूनं सहज विचारलं, की सर, हे बुडबुडे कशाचे? सरांनी खडू काढला आणि गोठ्याच्या भिंतीवर समीकरण मांडलं. डावी बाजू झाली, उजवी झाली, मग एक चूक सापडली, ती पुसली. शाळेत कधी दिलं नव्हतं तेवढं लक्ष आम्ही त्या दिवशी दिलं.

समीकरण जुळलं तोपर्यंत बादलीतल्या नटाचे आटे गायब झाले होते. बोल्ट त्यातून आरपार जात होता. सरांनी तो दोनदा घालून पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे समीकरण बरोबर आहे."

*

दिवाळी झाली. रब्बीच्या ओलिताला पाणी सोडायचं तर विजेची लाइन रात्रीची, त्यामुळे गावात ज्याच्या त्याच्या हातात बॅटरी, म्हणजे चार्जिंगचा टॉर्च. सगळ्यांनी एकाच दुकानातून घेतलेला, अ‍ॅल्युमिनियमचा, काळाकुट्ट. चहाच्या टपरीवर ठेवला की दुसऱ्याच्या टॉर्चशी बदललाच! नानांचा सारखा बदलायचा. एका सकाळी ते गोठ्यात आले आणि टॉर्च पुढे केला. "हे काळं निघते काय?"

गजूनं सेल काढला, काच काढली, नुसती नळी बादलीत सोडली. सरांना बोलायची बंदी होती. नळी वेळेवर बाहेर आली, पॉलिश लागलं, टॉर्च लखलखला. नानांनी त्यात मिशी पाहिली आणि टॉर्च घेऊन निघून गेले.

पुढच्या रविवारी गोठ्यासमोर टॉर्चवाल्यांची रांग! नाना दारात खुर्ची टाकून एकेकाला आत सोडत होते. तेवढ्यात भंगारवाला आला, नानांनीच बोलावून ठेवलेला. गजूचा हात थांबला. सगळ्या गाड्या भिंतीशी मांडलेल्या होत्या.

नाना उठून आत आले. कोपऱ्यातलं भोक पडलेलं पातेलं उचललं आणि नेऊन भंगारवाल्याच्या हातात दिलं. "एवढंच हाये."

गजू मान खाली घालून टॉर्च घासत राहिला. पण हसू काही त्याला लपवता आलं नाही, आणि आम्हाला तर लपवायचंच नव्हतं.

आठवडाभरानं नाना तणतणत आले. आता गावातल्या साऱ्याच बॅटऱ्या चकचकीत झाल्या होत्या, आणि टपरीवर त्यांची पुन्हा बदलली होती. घरोघर फिरून त्यांनी ती शोधून आणली होती. ती बादलीशेजारी ठेवली, आम्हा दोघांकडे पाहिलं, मग गजूजवळ जाऊन हळूच विचारलं,

"तुह्या गाडीवर तो जांभळा होता नं... तो याच्यावर चढवता येते काय?"