पाचव्या घरची शिरनी

तवा आम्ही इतके जन होतो: मी, माही सासू, पोरीचा बाप, कडेवरची पोरगी, अन् भिंतीपलीकडची चाची अन् तिचा बुढा. चाची मुसलमान. आमच्या सौसर गावात घरोघरी जाऊन बायायले बांगड्या भरे.

ह्या पोरीच्या आधीचे माहे दोन लेकरं गेले. दोन्ही तापानंच. त्या साली पोळा झाला अन् हिच्याही अंगात ताप भरला. सुई देल्ली का उतरे, पुन्हा चढे. मी निंदाले जानं सोडलं नाही. सोडून खाल्लं काय असतं? हात वावरात चाले, कान घराकडं राहे.

चाची म्हने, "हिले मोहरमची फकीर कर वं. हिरवा झगा घाल, झोळी दे, पाच घरचं मागून आन. मंग मी गळ्यात मन्नतीचा नाडा बांधतो. पाच साल कर, लेकरू जगते."

सासू म्हने, "पोरीसाठी कोन नवस बोलते?"

"बुढे, मौत काय पोरगा-पोरगी पाहून येते का?"

 मंग सासूनंच आपलं जुनं हिरवं लुगडं फाडलं अन् झगा शिवला.

त्या साली गणपती अन् मोहरम संगंच आले होते. मी पोरीले घेऊन निंघाली. चाचीच्या घरी तांदूळ भेटले, पुढं आनखी तीन घरं झाले. पाचव्या घरी कुलूप. तेवढ्यात पानी आलं, म्हनून गणपतीच्या मांडवात शिरली. आरती होऊन शिरनी वाटनं चालू होतं. पोरीनं झोळी पुढं केली. तिले काय समजते? वाटनाऱ्या बुढ्यानं तिचा झगा पाह्यला, खोबरं-साखर झोळीत टाकली अन् म्हने, "घ्या फकीरबाबा!" सारे हासले.  मोहरमच्या झोळीत गणपतीचं पडलं. नवस मोडला तं पोरगी जाईन.

चाचीचा बुढा दरसाली मोहरमच्या पंजाची सवारी उचले. तशीच ओली त्याच्यापाशी गेली.

"चाचा, झोळीत गणपतीचं पडलं."

"काय पडलं?"

"शिरनी."

"अन् सवारीपुढं आम्ही वाटतो, तिले काय म्हनते तू?"

"शिरनीच."

"मंग? झालं तुहं पाचवं घर."

अंदरून चाची वरडली, "बाहेरच काय उभी हाय? आन तिले, नाडा बांधू दे. अन् मांडवात शिरनी साऱ्यायनं खाल्ली, मले ठेवली का नाही?"

ताप उतरला. शिरनीनं का सुईनं, मी कधी पुसलं नाही. पाची सालं तिले फकीर केली, अन् दरसाली पाचवं घर गणपतीचंच धरलं, मांडव नसला तं देऊळ. ते पोरगी आता बोरगावात नांदून राहिली. चाची गेली, तिचा बुढाही गेला. मी बोलून राहिली अन् पोरीची पोरगी हे लिहून राहिली.

मोहरमात तुमच्या दारी हिरव्या झग्याचं लेकरू आलं तं त्याची माय मांगं भेत उभी असते. कोनाचं हाय ते पुसू नोका. घरात जे असन ते झोळीत टाका.